राष्ट्राध्यक्षांनंतर कोणी बोलायचं नसतं

मला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आवडत नाही. आत्ताचा किंवा मागचा असं म्हणत नाही, ते पदच आवडत नाही. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने असं बोलू नये हे मला कळतं. त्याने आधी गुण सांगावेत, मग दोष सांगावेत आणि शेवटी कोणालाच न लागेल असा निष्कर्ष काढावा. तसा निष्कर्ष लिहूनच मी एम.ए.ला पहिला वर्ग मिळवला. पण इथे मला कोणी गुण देणार नाही, म्हणून खरं सांगतो.

आपल्याकडे मान एकाला आणि काम दुसऱ्याला अशी वाटणी आहे. राष्ट्रपती सही करतात, पंतप्रधान कारभार करतात आणि त्या कारभाराबद्दल त्यांना सभागृहात बसून ऐकून घ्यावं लागतं. अमेरिकेत मानही त्याचाच आणि कामही त्याचंच. सैन्याचा सरसेनापती तो, परराष्ट्र धोरण त्याचं, मोठमोठ्या नेमणुका त्याच्या. गुन्हेगाराला माफी द्यायची झाली तर कोणाला विचारायचीही गरज नाही. आणि संसदेत तो बसतच नाही, तेव्हा तोंडावर प्रश्न विचारायची सोयही नाही. सिनेटची संमती, नकाराधिकार उलटवणारं दोन तृतीयांश बहुमत, न्यायालय, महाभियोग हे सगळे लगाम आहेत. मीच ते दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण लगाम धरायला कोणाला तरी हात पुढे करावा लागतो, हे गाईडमध्ये दिलेलं नसतं.

गाईडमध्येच मी हा धडा पहिल्यांदा वाचला. ‘अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे अधिकार व भूमिका स्पष्ट करा.’ वसतिगृहातल्या आधीच्या पोरांनी त्या प्रश्नाला पेनाने चांदण्या काढून ठेवल्या होत्या, कारण तो एक वर्षाआड हमखास येत असे. सुट्टीत घरी आलो की अंगणात फेऱ्या मारत तो पाठ करायचो. माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. एकदा त्यांनी विचारलं, “काय घोकून राहिला रे?”

“अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष.”

“त्याले काय घोकणाऱ्यायची कमी पडली का?” असं म्हणून ते ड्यूटीवर गेले.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, त्याखाली संविधानाची एक प्रत होती आणि ती मी वाचावी असं बाबांना फार वाटायचं. तेव्हा त्यांची ड्यूटी एका आडस्टेशनावर होती. मला अकोल्यात शिकायचं तर राहायला जागा पाहिजे होती आणि वसतिगृह भरलेलं होतं. बाबा मला घेऊन संस्थाचालकांच्या बंगल्यावर गेले. सगळे त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणायचे. साहेबांनी बाबांकडे पाहिलं, माझ्या गुणपत्रिकेकडे पाहिलं आणि रेक्टरला फोन केला. एका शब्दावर काम झालं. बाबा त्यांच्या पाया पडले, मीही पडलो. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. ती खोली नसती तर मी आज हे लिहीत नसतो.

शिक्षण झालं, सेट झाली, पीएच.डी. झाली आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनमध्ये नवी ऑर्डर. मेमध्ये आपण कोणीच नसतो. बाबा निवृत्त होऊन बडनेऱ्याला स्थायिक झाले होते, त्यामुळे मी बडनेरा-अकोला अपडाऊन करायचो. गाडीतले लोक मला ‘प्रोफेसर’ म्हणायचे. मी कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. मग एके वर्षी बातमी आली की आमच्या विषयाची एक कायम जागा भरली जाणार आहे. माझं लग्न, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन, घराचा वरचा मजला, सगळं त्या जागेपाशी येऊन थांबलं होतं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने आपल्या देशातून जाणाऱ्या मालावर जबर कर लावला. बाजारात, पानठेल्यावर, गाडीत तोच विषय. टीव्हीवर तो जाड पेनाने सही करायचा आणि कागद उलटा करून सगळ्यांना दाखवायचा. वर्गात अकोटकडची एक मुलगी होती. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ती उभी राहिली.

“सर, तुमी तं सांगतलं होतं का कर लावाचा अधिकार तिथल्या संसदेचा हाय म्हणून. मंग यानं कसा लावला?”

मी समजावलं की अधिकार संसदेचाच आहे, पण तिने वेळोवेळी कायदे करून त्यातला बराच राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिला. आणीबाणी असेल तर असं करा, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर तसं करा. तो म्हणतो आत्ता आणीबाणी आहे. खरंच आहे का, हे तिथली न्यायालयं पाहतील.

“म्हणजे बिमारी त्यानंच सांगाची अन् दवाई बी त्यानंच द्याची,” ती म्हणाली.

“आमच्या सरपंचासारखं!” मागून एक जण ओरडला. वर्ग हसला. मग खिडकीजवळचा एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, “पण सर, असाच मानूस पाहिजे. सही केली, काम खल्लास. हे संसद-फिंसद नुसतं टाईमपास हाय.” आणि निम्म्या वर्गाने होकारार्थी मान हलवली.

त्या हललेल्या माना माझ्या डोक्यातून जाईनात. ही मुलं माझ्याकडूनच शिकली होती. म्हणून मी ठरवलं की वार्षिक कार्यक्रमात हा धडा करून दाखवायचा. राष्ट्राध्यक्ष कराचा आदेश काढेल, सिनेटर आरडाओरडा करतील, आणि शेवटी न्यायालय आदेश रद्द करेल. शेवटचा शब्द न्यायालयाचा, एवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप होता.

भूमिका वाटताना राष्ट्राध्यक्षासाठी जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. सिनेटसाठी मला ओढून ओढून मुलं काढावी लागली. सरन्यायाधीशासाठी कोणीच नाही.

“जज्ज कायले बनाचं सर? तो तं नुसता बसूनच राह्यते.”

शेवटी अकोटची मुलगी म्हणाली, “द्या इकडे.”

राष्ट्राध्यक्ष कोण, हे मला ठरवावंच लागलं नाही. प्राचार्यांनी निरोप पाठवला की साहेबांचा पुतण्या ती भूमिका करेल. तो तिसऱ्या वर्षाला होता. वर्गात क्वचित दिसायचा, पण पोरगा मनमोकळा होता, मला पाहिलं की लांबून हात करायचा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या निरोपाबद्दल आहे. चिठ्ठी घेऊन आमच्या विभागप्रमुख मॅडम स्वतः आल्या. त्यांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते.

“साहेब स्वतः येणार आहेत कार्यक्रमाला,” त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात मुलाखती आहेत. तुम्ही हुशार आहात, जास्त सांगत नाही. काही वाकडं होऊ देऊ नका.”

तालमी सुरू झाल्या. मुलीने तिच्या मावसाकडून वकिलीचा काळा कोट आणला. तो तिला गुडघ्यापर्यंत यायचा. एक दिवस तालीम संपल्यावर तिने विचारलं, “सर, मी याच्या विरोधात निकाल दिला तं हा मले काढून टाकीन ना?”

“नाही काढता येत.”

“पण नेमते तं तोच.”

“नेमतो तो, सिनेट संमती देते. पण एकदा नेमल्यावर त्याच्या हातात काही राहत नाही. न्यायाधीश जन्मभर राहू शकतो. काढायचं तर महाभियोग, आणि तोही संसदेचा.”

तिने थोडा विचार केला. “म्हणून तो बोलू शकते.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “अन् तुमची ऑर्डर कोण काढते सर?”

“तू तुझे संवाद पाठ कर,” मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडप भरलेला होता. सूत्रसंचालन मराठीच्या ज्येष्ठ प्राध्यापकांकडे होतं. अकोल्यात त्यांच्याशिवाय पान हलत नसे. लग्न असो, शोकसभा असो, प्रत्येकाला लागू पडेल अशी चारोळी त्यांच्या खिशात तयार असायची. साहेब पुढच्या सोफ्यावर बसले होते, शेजारी प्राचार्य. मी विंगेत होतो. सगळं संपल्यावर आभारप्रदर्शन मला करायचं होतं.

पुतण्याने सुरुवात चांगली केली. कराचा आदेश वाचला, सही केली, कागद उलटा करून दाखवला. टाळ्या पडल्या. सिनेटर ओरडले, पण ते इतके कमी होते आणि माईक त्याच्याच हातात होता, त्यामुळे ते काय म्हणाले हे पहिल्या रांगेलाही कळलं नसेल. टाळ्यांची चव लागल्यावर त्याने संहिता सोडली.

“आजपासून पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट रद्द!” सही. शिट्ट्या. “कॅन्टीनचा चहा गरमच मिळन!” सही. “अन् मागच्या परीक्षेत जे कोणी कॉपी करताना सापडले, त्या सगळ्यायले मी माफ करतो! मले तो अधिकार हाय. इचारा सरले!” मंडप डोक्यावर घेतला पोरांनी. साहेब हसत होते. मग त्याने दोन्ही हात वर करून, कुठून तरी पाठ केलेलं एक भारदस्त भाषण ठोकलं आणि संपवलं.

इथे न्यायालयाचा प्रवेश होता. मुलगी कोटाच्या बाह्या दुमडून तयार उभी होती. तेवढ्यात सूत्रसंचालकांचा आवाज आला.

“राष्ट्राध्यक्ष महोदयांच्या या ओजस्वी समारोपानंतर कोणीही बोलणं औचित्याला धरून होणार नाही. आता आपण आभारप्रदर्शनाकडे वळू या.”

आपल्याकडे सभेत सगळ्यात मोठा माणूस शेवटी बोलतो. त्याच्यानंतर बोलायचं नसतं. बोलायचे ते फक्त आभार, मग राष्ट्रगीत आणि चहा. लहानपणापासून प्रत्येक सभेत आपण हे पाहिलेलं असतं, त्यामुळे ते कोणाला खटकत नाही. संहितेची प्रत सूत्रसंचालकांच्या हातात होती, त्यात पुढचं पान न्यायालयाचं होतं. नंतर त्यांनी शपथेवर सांगितलं की सवयीने तोंडातून निघून गेलं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मुद्दाम केलं असतं तर मला एवढा राग आला नसता.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. “सर, झालं का?”

माझ्या खिशात आभाराचा कागद होता. साहेबांचं नाव वर होतं, त्याला तीन विशेषणं लावलेली होती. मी माईकपाशी गेलो. पुढे साहेब, बाजूला प्राचार्य, मागच्या ओळीत मॅडम. बडनेऱ्याच्या घराचा न बांधलेला मजलाही मला त्या क्षणी दिसला, हे लपवत नाही. आणि मंडपात ती सगळी मुलं होती ज्यांच्या डोक्यात आता एवढंच राहणार होतं की राष्ट्राध्यक्ष सही करतो, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम संपतो.

“आभार मानण्याआधी,” मी म्हणालो, “एक निकाल बाकी आहे.” आणि माईक मुलीच्या हातात दिला.

सूत्रसंचालक अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मुलगी निकाल वाचायला लागली. कर लावण्याचा अधिकार संसदेचा आहे. नुसतं आणीबाणी म्हटल्याने आणीबाणी होत नाही. आदेश रद्द. पुतण्याला हे अपेक्षित नव्हतं, कारण न्यायालयाच्या प्रवेशाच्या तालमीला तो कधी थांबलाच नव्हता. पण तो गमत्या होता. आपल्या खुर्चीतूनच ओरडला, “ए पोट्टी! तुले मीच नेमलं ना बे? जा, काढून टाकलं!”

“नेमता येते,” ती म्हणाली, “काढता येत नाही.”

“काहून नाही?”

“काढता आलं असतं तं मी तुह्या मनासारखंच बोलली असती.”

मंडपात हशा फुटला. पुतण्यासुद्धा पोट धरून हसला. मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्या गोंधळात कोणीतरी राष्ट्रगीत लावलं, सगळे ताठ उभे राहिले आणि कार्यक्रम संपला. माझा आभाराचा कागद खिशातच राहिला. साहेब गाडीत बसताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “छान झालं. शेवट जरा लांबला.”

पुढच्या महिन्यात मुलाखत झाली. टेबलाच्या मधोमध साहेब, दोन्ही बाजूंना विषयतज्ज्ञ, कोपऱ्यात प्राचार्य. तज्ज्ञांनी बरेच प्रश्न विचारले. एकाने तर राष्ट्राध्यक्षाच्या नकाराधिकाराबद्दलच विचारलं. माझं बोलणं संपल्यावर त्याने शेजाऱ्याकडे पाहून मान डोलावली. मला वाटलं, काम झालं.

मग साहेब म्हणाले, “मला त्या अमेरिकेतलं काही कळत नाही. पण त्या दिवशी तुमच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन राहिलं. संस्थेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.” ते हसत होते. “आता करून टाका. आम्ही ऐकतो.”

प्राचार्य हसले. तज्ज्ञही हसले, त्यांना ती गंमत वाटली. मला कळलं होतं की गंमत नाही.

वसतिगृहातली खोली मला यांनी दिली होती. त्याबद्दल मी कृतज्ञ होतो आणि आहे. साहेब बंगल्याच्या ओट्यावर भेटले असते आणि मी आपण होऊन बोललो असतो तर माझे डोळे भरून आले असते. पण तो माणूस माझ्यापुढे माझी भाकरी ठेवून म्हणत होता, आधी वाक. एका शब्दावर दिलेली वस्तू एका शब्दावर परत मागता येते, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर समजलं. पाया पडताना समजलं नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. आभार उभं राहूनच मानतात. मंडपवाल्याचे आभार मानले, माईकवाल्याचे मानले. सूत्रसंचालकांचे, राष्ट्राध्यक्षाची भूमिका रंगवणाऱ्या विद्यार्थ्याचे आणि ज्यांचं बोलणं कोणालाच ऐकू आलं नाही त्या सिनेटरांचे मानले. सरन्यायाधीश झालेल्या विद्यार्थिनीचे मानले. “आणि शेवटी,” मी म्हणालो, “साहेबांचे आभार. समारोप झाल्यावरही ते उठून गेले नाहीत, बसून निकाल ऐकला.”

कोणी हसलं नाही. तज्ज्ञांपैकी एक जण पाण्याचा ग्लास शोधायला लागला. साहेबांनी माझी फाईल बंद केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “या.”

जागा दुसऱ्याला मिळाली. तो माणूस पात्र आहे, त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. जूनमध्ये माझी तासिकेची ऑर्डरही आली नाही. मॅडमनी फोन करून विद्यार्थी कमी झाल्याचं कारण सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “जेवण-बिवण करत जा वेळेवर.”

बाबांना मी सगळं सांगितलं. फोटोखाली बसून ते ऐकत होते. मला वाटलं, या घरात वाढलेला मुलगा तसं का बोलला ते यांना तरी कळेल.

“दोन शबुद बोलाले काय जात होतं तुहं?” बाबा कडाडले. “जीभ झिजली असती का? आमी जिंदगीभर साहेबायले सलाम ठोकले, तवा तू शिकला!”

“सलाम ठोकावा लागू नये म्हणूनच शिकवलं ना तुम्ही?”

“नोकरी लागावी म्हणून शिकवलं!”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “भांडा आता. तेवढंच राह्यलं.”

बाबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मी अमरावतीत दुसऱ्या एका कॉलेजात तास घ्यायला लागलो. अपडाऊन कमी झालं, अनिश्चितता तेवढीच राहिली. त्यांचा गुडघाही तसाच होता. मला दिसेल असे ते भिंत धरून चालायचे, आणि मला ते दिसायचं.

एका संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा तोच राष्ट्राध्यक्ष, तेच जाड पेन, तोच उलटा केलेला कागद. सहीच्या वेळी त्याच्यामागे त्याचे मंत्री हात बांधून उभे होते आणि सही झाली की टाळ्या वाजवत होते. बाबा पाहत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “याले कोणी इचारत नाही का?”

इतक्या दिवसांनी ते बोलले म्हणून मी उत्साहाने सांगायला लागलो. सिनेट आहे, प्रतिनिधीगृह आहे, न्यायालय आहे, विचारायचा अधिकार सगळ्यांना आहे.

“मंग हे मागचे काहून इचारून नाई राह्यले?”

“त्यांना त्यानेच नेमलंय, बाबा. मनात आलं की तो त्यांना काढू शकतो.”

“हूं,” बाबा म्हणाले. गुडघ्यावर हात फिरवला. “घरी पोरंबाळं असतीन त्यायले बी.”

मग त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “बदल.”